दोन बोटं माया

बाई, दोनेक महिन्यांपूर्वी तीन आठवड्यांत मी एकच कुर्ता तीनदा उसवला. पहिल्यांदा काखेत आवळला म्हणून, दुसऱ्यांदा पाठीवर चुण्या पडल्या म्हणून, आणि तिसऱ्यांदा तो वरवर बरा दिसला तरी हात वर होईना म्हणून. तुम्ही मला आता पाहिलं तर ओळखणार नाही. चोपन्न वर्षांची झाले, चष्मा लागला, अंगानं भरले. किनवटच्या मुलींच्या वसतिगृहात तुमच्या शिवणाच्या तासाला खिडकीजवळच्या मशीनवर बसायची, भोकरकडची, नववीतली, ती मी. लग्नानंतर लातूरला आले, एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला लागले, अजून तिथंच आहे. तुम्हाला जाऊन पंचवीसच्या वर वर्षं झाली. इतक्या वर्षांनी तुम्हाला लिहायला बसावं असं काही घडलंय का, तर हो, घडलंय. पण ते एकदम सांगता येत नाही. मी मधेमधे उठून वाळत घातलेलं कापड बघून येते, पुन्हा बसते. एका जागी टिकणं हल्ली जमतच नाही मला.

मुलगी नोकरीला पुण्याला गेली आणि तिची खोली रिकामी झाली, तेव्हापासून हे सुरू झालं. तिचं अभ्यासाचं टेबल मी भिंतीपासून ओढलं, त्यावर जुन्या चादरीची चौघडी घातली, वर जाड कापड ताणून बसवलं, आणि छपाईला टेबल तयार झालं. ठसे मी स्वतः करते. जुन्या स्लीपरचा तळ ब्लेडनं कोरला की त्याचा चांगला ठसा होतो, हे मला कुणी सांगितलं नाही, असंच एका दुपारी हाताला चाळा म्हणून कोरत बसले तेव्हा सापडलं. सगळ्यात आधी करडईचं पान केलं, काटेरी. मग चिंचेचा पाला, मग नुसते ठिपके. रंग गंजगोलाईच्या बाजारातून आणते. कापड आधी धुऊन त्याची खळ काढायची, वाळवायचं, छापायचं, दोन दिवस तसंच ठेवून उलट्या बाजूनं इस्त्री फिरवायची, मग पुन्हा धुवायचं. आणि लातूरला नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा. कापड धुतलेलं पाणी मी बादलीत धरून ठेवते आणि त्यानं अंगण धुते, तेव्हा शेजारच्या वहिनी गेटवरून विचारतात, "आज निळं पाणी का वो?"

मी हे सगळं माझ्यासाठी करते. कॉलेजात नवा कुर्ता घालून गेले की बायका विचारतात, "कुणासाठी शिवून राहिलात एवढं?" मी म्हणते, "माझ्यासाठी." आणि त्या अजून थोडा वेळ माझ्याकडं बघत थांबतात, जणू उत्तराचा उरलेला भाग यायचाय. मुलगी म्हणते, मोबाईलवर पेज काढून विक. हे, म्हणजे माझे मिस्टर, म्हणतात, "दुकानं काय कमी हायत का गं गावात?" त्यांच्या म्हणण्यात वाईट काही नसतं. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला माणूस, दिवसभर पेपर वाचतो आणि मला या खोलीतून त्या खोलीत जाताना बघतो.

पण बाई, एक गोष्ट मला झोंबत होती. नणंदेचा ब्लाउज शिवला, नीट बसला. मुलीचे तीन ड्रेस शिवले, अंगासरशी. माझं काही शिवायला घेतलं की ते कुठंतरी आवळतंच. मापं तीच, कागदावरचा आराखडा बरोबर, पण कात्री कापडावर ठेवली की हात आपोआप रेषेच्या आत सरकतो. पाव इंच इथं, अर्धा इंच तिथं. कापड भरपूर उरतं आणि मी मात्र त्या कुर्त्यात श्वास धरून उभी. असे सात कुर्ते कपाटात पडलेत. हे का होतं ते मला ठाऊक आहे. ते ठाऊक असलेलं दुसरं माणूस फक्त तुम्ही होतात.

तुमचा तास दुपारी जेवणानंतर असायचा. पत्र्याखाली खोली तापलेली, आठ मशिनी, त्यातल्या पाच चालू. तुम्ही यायच्यात ते गळ्यात टेप आणि पदर कमरेला खोचलेला. तुमचं माहेर नांदेडचं, वडील रंगारी, हे तुम्हीच सांगितलं होतं. त्यांचे सागाचे तीन ठसे तुम्ही एका पत्र्याच्या डब्यात जपून आणले होते: एक कोयरी, एक वेल आणि एक बारीक ठिपक्यांची ओळ. वर्षातून एकदा प्रदर्शनाआधी ते बाहेर निघायचे, आणि उशांच्या खोळींवर आम्ही ते तुमच्या देखरेखीखाली उठवायचो. "दाबायचा न्हाई, ठेवायचा. कापडाला कळलं पाहिजे," असं तुम्ही म्हणायच्यात. आणि कापताना एकच बोलणं, रोज, प्रत्येकीच्या डोक्यावर उभं राहून: "दोन बोटं माया सोड." शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवायचं, ती माया. अंग वाढलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. एकदा एकीनं विचारलं, "बाई, दिसतच न्हाई तर सोडायची कशाला?" तुम्ही हसलात. "न्हाई सोडली तर दिसतं की."

त्या वर्षी दिवाळीच्या आधीचा रविवार. तुमची आई आजारी होती, म्हणून तुम्ही दर रविवारी नांदेडला जायच्यात. शिवणाच्या खोलीची किल्ली माझ्याकडं असायची, झाडून घ्यायला. मी झाडून घेतलं. कोपऱ्यात मांजरपाटाचा तागा होता, खोळींसाठी आलेला. वसतिगृहात माझ्याकडं गणवेशाचे दोन जोड होते आणि घरून आणलेलं आत्याचं जुनं पोलकं, ज्याची बाही दोनदा रफू झालेली. मला कुणी हिणवलं नव्हतं, कुणी काही बोललं नव्हतं. मला फक्त एक नवं पोलकं पाहिजे होतं, पांढरं, त्यावर निळ्या कोयऱ्या. मी तागा उलगडला आणि एक मीटर कापलं. कात्री चालवताना मी प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं कमीच घेतलं. जितकं कमी, तितकी चोरी लहान, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. मग डबा उघडला, कोयरीचा ठसा काढला, आणि जेवणाची घंटा होईपर्यंत मी तो उठवत बसले. बाई, खरं सांगते, तेवढा आनंद मला नंतर फार कमी वेळा झाला. ते पोलकं मी पुढच्या चार दिवसांत हातानं, चोरून, तुकड्यातुकड्यानं शिवलं आणि ट्रंकेत पुस्तकांखाली ठेवलं.

दिवाळीच्या सुटीआधी मोठ्या बाई, म्हणजे अधीक्षिका, वही घेऊन तागा मोजायला आल्या. एक मीटर कमी. आम्हा सगळ्यांना व्हरांड्यात उभं केलं. "कुणी घेतलं ते आत्ता सांगा, न्हाईतर ट्रंका उघडते एकेकीच्या." मी तिसऱ्या रांगेत होते. तुम्ही खोलीतून बाहेर आलात. गळ्यातली टेप काढून हातात गुंडाळत म्हणालात, "पोरींना कशाला उभं केलं? माझ्याकडून कापताना चुकलं. खोळी आखूड निघाल्या."

"मग ते तुकडे कुठं हायत?"

"चुलीत गेले."

"तागा तुमच्या नावावर हाय बाई. सरकारी कापड चुलीत गेलं असं लिहू का मी?"

"लिहा की."

मोठ्या बाईंनी लिहिलं. तुम्ही पुन्हा आत गेलात आणि मशीन चालू झाल्याचा आवाज आला. मला त्या वेळी वाटलं, बाईंकडून खरंच काहीतरी चुकलं असेल आणि दोन्ही गोष्टी योगायोगानं एकत्र आल्या. माणूस स्वतःला काय काय पटवतं.

दुसऱ्या दिवशी सुटी लागली. किनवटहून भोकरला पॅसेंजर. मी स्वेटरच्या आत ते पोलकं घातलेलं होतं, कारण मला भोकरच्या स्टेशनावर ते घालून उतरायचं होतं, आई न्यायला येणार होती आणि तिनं मला लांबून त्यात बघावं असं वाटत होतं. हिमायतनगर गेल्यावर उकडायला लागलं आणि मी स्वेटर काढला. डोकं बाहेर काढते तो समोर, दोन बाक सोडून, तुम्ही. मांडीवर पिशवी, पिशवीवर हात. तुम्ही माझ्याकडं बघत होतात. तोंडाकडं नाही, पोलक्याकडं. खांद्यापासून काखेपर्यंत, काखेपासून कमरेपर्यंत, जसं प्रदर्शनाच्या कपड्याकडं बघायच्यात तसं. मी उठून यावं, पाया पडावं, रडावं, यातलं काहीतरी करायला पाहिजे होतं. मी स्वेटर छातीशी धरून बसून राहिले. मग तुम्ही खिडकीबाहेर तोंड केलंत आणि भोकर येईपर्यंत तसंच ठेवलंत. सुटीनंतर आम्ही परत गेलो तेव्हा शिवणाचा तास घ्यायला दुसऱ्या बाई होत्या. तुमची नेमणूक पुढं वाढवली नाही, एवढंच कळलं. मोठ्या बाईंना कारण विचारायची आमच्यातल्या कुणाची टाप नव्हती, आणि माझी तर नव्हतीच.

त्यानंतर आठ वर्षांनी तुम्ही मला भेटलात. मी नांदेडला परीक्षेला आले होते. वजिराबादच्या एका बोळात साडीच्या दुकानाच्या पायरीशी मशीन मांडून एक बाई फॉल लावत बसली होती, आणि तिची मान ज्या बाजूला कलली होती त्यावरून मी ओळखलं. मी पुढं गेले. पुन्हा मागं आले. समोरच्या टपरीवर चहा घेतला, प्यायला नाही. शेवटी तुम्हीच हाक मारलीत, "ए भोकर! इकडं ये, सुई ओवून दे. मघापासून बघून राहिले, येती का जाती."

मी खाली बसले आणि सुई ओवली. पहिल्या झटक्यात ओवली. तुम्ही विचारलंत, काय करून राहिलीस, लग्न झालं का, आई कशी हाय. मी सगळं सांगितलं आणि मग एका दमात विचारलं, "बाई, माझ्यामुळं तुमची नोकरी गेली का?"

तुम्ही मशीन थांबवली नाहीत. "गेली म्हणजे गेली. कुणामुळं का असंना."

"पण तुम्हाला माहीत होतं?"

"सोमवारीच. ठशाच्या खाचेत रंग तसाच वाळलेला. आणि तुझ्या नखांत निळं. लपवायचं व्हतं तर लिंबू घासायचं गं."

मला रडू आलं. बोळातून येणारी-जाणारी माणसं बघत होती. तुम्ही मशीन थांबवलीत ती तेव्हा. आणि बाई, मला वाटलं तुम्ही आता माफ केलं म्हणाल, किंवा रागावाल, दोन्हीला मी तयार होते. तुम्ही मात्र रागावलात ते भलत्याच गोष्टीवर. "गाडीत बघितलं मी ते. काखेत केवढं आवळलं व्हतं! श्वास घेता येत नव्हता तुला. माया किती सोडली व्हतीस? बोटभर बी न्हाई. चोरायचंच व्हतं तर पुरेसं तरी घ्यायचं, पोरी. अख्खं वर्ष शिकवलं मी तुला, आणि स्वतःचं कापायला बसलीस तर भिकाऱ्यासारखं कापलंस. मला त्या गाडीत त्याचाच राग आला व्हता."

मग तुम्ही उठलात, मला त्या भर रस्त्यावर उभं केलंत, गळ्यातली टेप काढून माझं माप घेतलंत. छाती, कंबर, पाठ, बाही, मुंढा. दुकानाच्या पिशवीचा कागद फाडून त्यावर आकडे लिहिलेत आणि माझ्या हातात दिलात. "हे तुझं माप. ह्याच्यापेक्षा कमी घेऊ नको." मी पुन्हा येईन म्हणाले. आले नाही. निकाल लागला, लग्न ठरलं, लातूर झालं, मुलगी झाली. मग एकदा बसस्टँडवर वसतिगृहातली जुनी मैत्रीण भेटली आणि बोलता बोलता म्हणाली, आपल्या शिवणाच्या बाई वारल्या की गं, दोन वर्षं झाली. मी तिला म्हणाले, हो का. आणि माझी बस लागली होती, मी चढले.

तुम्ही दिलेला तो कागद मी जपून ठेवला आणि इथंच घोटाळा झाला. गेली दोन वर्षं मी जे काही माझ्यासाठी शिवत होते ते त्या कागदावरून. तेविसाव्या वर्षीचं माप, आणि अंग चोपन्नचं. वरून हात आत सरकायची सवय. नवीन माप घ्यायला पाहिजे हे मला कळत नव्हतं असं नाही. ग्रंथालयात बसून मी पोरांना पुस्तकाची नवी आवृत्ती घ्या म्हणून सांगते. पण स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही, पाठीचं तर नाहीच, आणि टेप घेऊन मी कुणापुढं उभी राहायला तयार नव्हते. तिसऱ्यांदा कुर्ता उसवला त्या दिवशी मी सगळा पसारा जमिनीवर टाकला आणि ह्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. म्हटलं, "माझं माप घ्या."

ते उठले आणि हत्यारांच्या पेटीतली लोखंडी टेप घेऊन आले. मी म्हटलं, ती नको, ही घ्या. त्यांनी कापडी टेप उलटी धरली, सेंटिमीटरच्या बाजूनं; मी ती इंचांवर फिरवून दिली. "गाड्यांच्या बॉड्या मोजल्या जन्मभर," म्हणाले, "बायकोला पहिल्यांदा मोजून राहिलो."

"पाठीवर सरळ धरा. ओढू नका."

"ओढत न्हाई. किती लिहू?"

"आहे तेवढं लिहा की."

"बेचाळीस हाय." मग थांबून हळूच म्हणाले, "चाळीस लिहू का?"

मी हसले, आणि हसता हसता मला खाली बसावं लागलं. ते घाबरून पाणी आणायला धावले. त्यांना मी सांगितलं, बेचाळीसच लिहा. त्यांनी लिहिलं, दोनदा तपासून, खाली रेघ मारून, वर्कशॉपात लिहीत असत तसं.

उसवलेल्या त्या कापडात आता वाढवायला काही उरलंच नव्हतं, म्हणून नवं घेतलं. कापायला बसले तेव्हा हात आत सरकायला लागला. मी कात्री ठेवली. उठले, गेटपाशी गेले, रस्त्यावर टँकर आला होता त्याच्याभोवतीची भांडी बघितली, परत आले. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी रेषेच्या बाहेर दोन बोटं मोजून कापलं. करडईचं पान छापलं, पाठीवर ओळीनं, पुढं विस्कळीत. गळा जरा तिरका झालाय, डाव्या बाहीवर रंग फुटलाय. पण बाई, मी त्यात हात वर करू शकते. ग्रंथालयात वरच्या फळीवरचं पुस्तक काढलं तेव्हा कुठं काही ओढलं नाही. मला वाटलं होतं एवढं झालं की आतलं सगळं निवेल. एक दिवस निवलं सुद्धा.

मग मुलगी सुटीला आली. काहीतरी शोधताना तिनं माझी वसतिगृहातली जुनी ट्रंक उघडली आणि ते पोलकं काढलं. पांढरं पिवळं पडलंय, कोयऱ्या अजून निळ्या आहेत. तिला फार आवडलं. "मम्मी, हे कुणाचं गं?" मी इस्त्री करत होते. भोकरच्या स्टेशनावर माझ्या आईनं मला लांबून बघितलं होतं, जवळ येऊन कापडाला हात लावून विचारलं होतं, "कुणी दिलं?" आणि मी म्हणाले होते, "बाईंनी दिलं. पहिला नंबर आला म्हणून बक्षीस." आई मरेपर्यंत सगळ्यांना तेच सांगत राहिली. मुलीनं विचारलं तेव्हा मी इस्त्री उभी करून ठेवली, विचार करायला वेळ होता माझ्याकडं, भरपूर होता. मी म्हणाले, "आमच्या शिवणाच्या बाईंनी दिलेलं. बक्षीस."

ती ते पुण्याला घेऊन गेली. तिनं ते काचेच्या चौकटीत बसवून खोलीत लावलंय, फोटो पाठवला. खाली तिनं लिहिलंय की आईच्या बाईंनी आईला दिलेली भेट. येणाऱ्या मैत्रिणींना ती तुमच्याबद्दल सांगते म्हणे, एका छोट्या गावातल्या शिक्षिका आणि त्यांचा मोठेपणा. काल फोनवर म्हणाली, "तुझ्या बाईंचं अजून सांग ना काहीतरी." मी तिला तुमच्या मशिनी सांगितल्या, सागाचे ठसे सांगितले, पत्र्याखालचा उकाडा सांगितला. व्हरांडा सांगितला नाही. फोन ठेवल्यावर घरभर फिरले आणि मग हे लिहायला बसले, की निदान तुम्हाला तरी सांगावं तिला खरं कधी सांगणार आहे ते. इतकी पानं झाली. खरं सांगायचं तर, बाई, मी तिला सांगेन असं मला वाटत नाही.